बुटांना ऊन दाखवा!

ओढ्यातला दगड हळूच उचलून खाली कोण राहतं ते पाहिलंय कधी? आधी पाणी गढूळ होतं. मग गाळ बसतो, आणि दांड्यांवर उभे असलेले दोन काळेभोर डोळे आपल्याकडे रोखून बघत असतात. खेकडोबा! आपण बोट पुढे करायचं, त्याने नांग्या उगारायच्या, आपण ‘आई गं!’ करून बोट मागे घ्यायचं. पावसाळ्यात मावळात नाही तर कोकणात गेलेल्या कितीतरी जणांनी हा खेळ खेळलेला असतो.

आज तोच खेळ जरा लांब जाऊन खेळू. इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रिया नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथून केंट नावाची नदी वाहते. वरच्या अंगाला तर आपण तिला ओढाच म्हणू, एवढी ती लहान. पाणी स्वच्छ आणि हात बधिर होईल इतकं गार. उचला एक दगड. हळू!

काय दिसलं? कोळंबीसारखं लांबट अंग. खेकड्यासारख्या दोन नांग्या. शेवंडीसारखी पंखा उघडावा तशी शेपटी. रंग शेवाळलेल्या दगडासारखा तपकिरी. लांबी तुमच्या पंजाएवढी, फार तर १२ सेंटिमीटर. आता त्याच्या नांग्यांची खालची बाजू पाहा. मळकट पांढरी आहे ना? म्हणून याचं नाव पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश. ब्रिटनमधला हा एकुलता एक देशी क्रेफिश.

पाहिलात? आता दगड होता तसाच अलगद खाली ठेवा. ते त्याचं घर आहे. शिवाय तिकडे कायदाही आहे. परवानगीशिवाय या प्राण्याला पकडायचं नाही!

आडनाव फिश, पण मासा नव्हे

क्रेफिशला ना माशासारखं तोंड, ना खवले, ना पाठीचा कणा. मग नावात ‘फिश’ कुठून आलं? ऐकण्यातल्या घोळातून! जुन्या फ्रेंच भाषेत त्याला ‘क्रेविस’सारखं काहीतरी म्हणत. इंग्रजांच्या कानाला त्यातलं ‘विस’ हे ‘फिश’ वाटलं. पाण्यात राहतो ना, मग फिशच असणार! आपल्याकडे नाही का, गोऱ्या पहारेकऱ्यांच्या ‘हू कम्स देअर’चं शिपायांनी ‘हुकुमदार’ करून टाकलं? तसंच हे.

खरं तर तो खेकडा, कोळंबी आणि शेवंड यांच्या गोतावळ्यातला. नांग्या धरून पाय मोजा, बरोबर दहा भरतात. जगात क्रेफिशच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. पण गंमत म्हणजे आपल्या भारतात त्यांतली एकही देशी जात नाही. आपल्या ओढ्यांत ती जागा खेकड्यांनी आणि गोड्या पाण्यातल्या कोळंब्यांनी पटकावलीय.

शू कुठून करतो?

हसू नका, हा अगदी शास्त्रीय प्रश्न आहे. क्रेफिश शू करतो डोक्यातून! त्याच्या लांब मिशा जिथे उगवतात, तिथे बुडाशी दोन बारीक भोकं असतात. तिथून. आणि दोन क्रेफिश भांडायला लागले की एकमेकांच्या दिशेने शूचे फवारे सोडतात. त्या वासावरून समोरचा किती जोरकस आहे, याचा अंदाज घेतला जातो. आपण दंडाच्या बेटकुळ्या दाखवतो, ते हे दाखवतात.

दात? आहेत की. पण पोटात! त्याच्या जठरात तीन कठीण दात असतात आणि ते जात्यासारखे अन्न दळून काढतात. पाण्यात पडलेली कुजकी पानं, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, मेलेले मासे, जे मिळेल ते या जात्यात जातं. म्हणजे नदीचा झाडूवालाच म्हणा. पाणमांजर आणि बगळा मात्र या झाडूवाल्यालाच गट्टम करायला टपलेले असतात. ते दिसले की क्रेफिश शेपटी जोरात पोटाखाली ओढतो आणि सुर्रकन मागच्या मागे पळतो. तोंड शत्रूकडे, पळणं उलटं!

आता सगळ्यात भारी गोष्ट. क्रेफिशचं कवच वाढत नाही. तुमचा गणवेश वाढतो का? नाही ना! मग अंगाला घट्ट झाला की नवा घ्यायचा. क्रेफिशही जुनं कवच टाकतो. पण नवं कवच कडक करायला लागतो चुना, म्हणजे कॅल्शियम. हा पठ्ठ्या आधीच तजवीज करतो. जुन्या कवचातला थोडा चुना शोषून घेऊन जठराच्या दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या गोट्या बनवून ठेवतो, शर्टाच्या बटणांसारख्या. कवच टाकलं की त्या गोट्या विरघळतात आणि चुना नव्या कवचाच्या कामी येतो. उरलेली कसर भरून काढायला तो आपलंच टाकलेलं कवच खाऊनही टाकतो. काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही! पूर्वी युरोपातले वैद्य त्या पांढऱ्या गोट्यांना ‘खेकड्याचे डोळे’ म्हणत आणि औषध म्हणून विकत.

आणि भांडणात एखादी नांगी तुटली तर? पुढच्या काही कवचांबरोबर नवी उगवते.

इंग्लंडमध्ये टॉमस हक्सली नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १८८० साली एक अख्खं पुस्तक एकट्या क्रेफिशवर लिहिलं. प्राणिशास्त्र शिकायला सुरुवात कुठून करायची, तर या एका प्राण्यापासून करा, असं त्यांचं म्हणणं. आता कळलं ना का ते?

लाल नांग्यांचा पाहुणा

आता गोष्टीत दुसरा क्रेफिश येतो. त्याचं गाव उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या नद्या. अंगापिंडाने थोराड, १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब. नांग्यांची खालची बाजू लालभडक. नांगीच्या सांध्यापाशी पांढरा-निळसर ठिपका, रेल्वेचा गार्ड झेंडी दाखवतो तसा. म्हणून त्याचं नाव सिग्नल क्रेफिश.

हा अमेरिकेतून युरोपात पोहत आला नाही. त्याला माणसांनी आणलं. त्याचं असं झालं. १८६०च्या सुमारास इटलीत पो नदीच्या खोऱ्यात तिथले क्रेफिश पटापट मरायला लागले. मग शेजारच्या देशात, मग त्याच्या शेजारच्या. या साथीला लोक म्हणू लागले क्रेफिशचा प्लेग. (घाबरू नका, माणसांच्या प्लेगशी याचं काही नातं नाही आणि माणसांना तो होतही नाही.) १९०७ साली साथ स्वीडनला पोचली. स्वीडनमध्ये तर ऑगस्ट महिन्यात कागदी कंदील टांगून, डोक्यावर मजेशीर टोप्या घालून उकडलेले क्रेफिश खाण्याची पंगत बसते. पंगतीचं पक्वान्नच नाहीसं व्हायला लागलं की हो!

मग १९६०च्या सुमारास स्वीडनमधल्या लोकांनी तोडगा काढला. अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश या रोगाने मरत नाही. तोच आणून तळ्यांत सोडू! पुढे १९७०च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमध्येही तो आणला गेला, तळ्यांत वाढवून विकायला. शेतकऱ्यांना चार पैसे मिळतील, असा सरळ साधा विचार.

पण क्रेफिशला पाय असतात, तेही दहा. ओल्या गवतातून चालत चालत पाहुणे तळ्याबाहेर पडले आणि नदीत उतरले. १९८१ साली प्लेग इंग्लंडमध्येही दिसला. पांढऱ्या नांग्यांचे क्रेफिश एकेका नदीतून नाहीसे होऊ लागले.

खरा गुन्हेगार कोण?

चला, जरा तपास करू. संशय सरळ पाहुण्यावर जातो. नांग्या मोठ्या. भूकही मोठी. माशांची अंडी, गोगलगायी, पाणवनस्पती, सगळं फस्त. मादी एका वेळी २०० ते ४०० अंडी घालते. पांढऱ्या नांग्यांच्या मादीची अंडी मात्र बहुतेक वेळा शंभराच्या आतच. ही अंडी ती शेपटीखाली चिकटवून सांभाळते, शरद ऋतूपासून पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, अख्खा हिवाळाभर. पिल्लं बाहेर आली तरी सुरुवातीला आईच्या शेपटीखालीच लटकून राहतात. पण शंभर कुठे आणि चारशे कुठे!

शिवाय पाहुणा खोदकामातही पटाईत. नदीच्या काठात बिळं करतो. काठ पोकळ झाला की पावसाच्या लोंढ्यात ढासळतो, माती पाण्यात जाते आणि स्वच्छ गोट्यांवर अंडी घालणाऱ्या माशांची पंचाईत होते.

म्हणजे सापडला गुन्हेगार? थांबा. मोठ्या नांग्यांच्या दादागिरीने लहान क्रेफिश मागे हटतील, कमी होतील, पण त्याला वर्षं लागतील. प्लेगमध्ये मात्र अख्ख्या नदीतले सगळेच्या सगळे देशी क्रेफिश काही आठवड्यांत मरतात. रात्री बाहेर पडणारे हे प्राणी आजारी पडले की भर दिवसा उघड्यावर येतात, काठ्यांवर चालल्यासारखे लटपटतात आणि उताणे होतात. त्यांच्या अंगावर नांगीची एकही जखम नसते.

गुन्हेगार डोळ्यांना दिसतच नाही! त्याचं नाव आहे अफानोमायसिस. दिसतो बुरशीच्या धाग्यासारखा, पण खरी बुरशी नाही. त्याच्या नात्यागोत्यातले काही जण आपल्याकडेही आहेत. नाशिक-सांगलीच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला ‘डाऊनी’ म्हणजे काय ते विचारा. त्यांच्या कपाळावर लगेच आठ्या येतील. द्राक्षाच्या ओल्या पानांवर पसरणारा तो डाऊनी याच मोठ्या कुटुंबातला. या कुटुंबाला ओल फार प्रिय.

अफानोमायसिसचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात आणि ते क्रेफिशचा वास काढत जातात. सापडला की त्याच्या कवचाला चिकटतात आणि आत धागा घुसवतात.

मग सिग्नल क्रेफिश कसा वाचतो? त्याच्या कवचात धागा शिरला की त्याचं शरीर लगेच त्या धाग्याभोवती गडद रंगाची भिंत बांधतं. मेलॅनिनची भिंत. हो, आपल्या केसांना काळा रंग देतं तेच हे मेलॅनिन. धागा मरत नाही, पण कोंडला जातो. अमेरिकेतले क्रेफिश आणि हा रोग पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आलेत, एकमेकांचे डाव ओळखून. युरोपातल्या क्रेफिशनी हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या शरीराची भिंत बांधून होईपर्यंत धागा आत पोचलेला असतो.

म्हणजे सिग्नल क्रेफिश स्वतः ठणठणीत राहून रोग अंगावर वागवत फिरतो. ‘तो रोगाने मरत नाही’ ही त्याची जी हुशारी पाहून त्याला आणलं, तिच्यातच सगळा घोळ होता.

आणि त्याच्यावर रागवून तरी काय करणार? कोलंबिया नदीत तो आपला साधा रहिवासी आहे. पण तोच अमेरिकेतही माणसांच्या हातून कॅलिफोर्नियाच्या नव्या पाण्यात गेला, तेव्हा तिथल्या शास्ता क्रेफिशची जागा बळकावू लागला. तो शास्ता क्रेफिश आता संकटात आहे. प्राणी तोच, पाणी बदललं की गोष्ट बदलते.

मग पकडून खाऊन टाकू या ना!

मला माहीतच होतं, तुम्ही हे विचारणार. तिकडेही पुष्कळांना वाटतं. पण पिंजरे लावले की त्यांत शिरतात ते बहुतेक थोराड क्रेफिश. हे थोराड क्रेफिश काय करत होते? लहान क्रेफिशना खात होते! ते गेले की छोट्यांना मोकळं रान. त्यातून तोच ओला पिंजरा उचलून दुसऱ्या नदीत लावला, तर बीजाणूंना फुकटात प्रवास. म्हणून इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय क्रेफिशचे पिंजरे लावता येत नाहीत.

मग वैज्ञानिकांनी दुसरी युक्ती काढली. मनूची गोष्ट आठवते? प्रलय येणार म्हणून मत्स्याने सांगितलं आणि मनूने नावेत बी-बियाणं जपून ठेवलं. तिकडे अशीच नोहाच्या नावेची गोष्ट आहे. त्या नावेला इंग्रजीत ‘आर्क’ म्हणतात. म्हणून पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशसाठी शोधलेल्या सुरक्षित जागांना नाव पडलं ‘आर्क साइट’. कशा असतात या जागा? कुठल्याही नदीला न जोडलेल्या. उदाहरणार्थ, दगडाची जुनी खाण. खोदकाम बंद पडलं, खड्ड्यात पाणी साठलं, आजूबाजूला चुनखडी, म्हणजे कवचाला लागणारा चुनाही हजर. रोग पोचायच्या आत देशी क्रेफिश आणून तिथे सोडायचे. ब्रिस्टलसारख्या ठिकाणी तर त्यांची पिल्लं वाढवून मग अशा पाण्यात सोडली जातात.

पण कितीही चांगली नाव बांधली तरी एक भोक राहतंच. ते म्हणजे आपले बूट!

बीजाणू नदीतून खाणीत आपणहून उडी मारू शकत नाही. पण सकाळी एका नदीत मासे धरायला गेलेल्या माणसाचे ओले गमबूट, ओलं जाळं, ओली होडी, ओला कुत्रासुद्धा दुपारी दुसऱ्या पाण्यात उतरतो. तेवढा एक थेंब पुरतो.

आणि इथेच गुन्हेगाराचं गुपित फुटतं. हा पोहणारा, वास काढणारा, अख्खी नदी रिकामी करणारा बीजाणू एका गोष्टीला टरकतो. कोरडं पडण्याला! वाळला की मेला. म्हणून ब्रिटनमध्ये नदीकाठी पाट्या असतात, ‘चेक, क्लीन, ड्राय’. आपल्या भाषेत बघा, धुवा, वाळवा. बुटाला चिखल, शेवाळ लागलंय का ते बघा. धुऊन काढा. मग अगदी ठणठणीत कोरडे होऊ द्या, निदान ४८ तास.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्या घरी आजी काय म्हणते? गाद्यांना ऊन दाखवा. डाळींना ऊन दाखवा. पापडांना ऊन दाखवा. तीच युक्ती! फरक एवढाच की इंग्लंडमध्ये ऊन दाखवायला आधी ते सापडावं लागतं.

एकटीच पुरे

जाता जाता आणखी एका क्रेफिशला भेटू. १९९०च्या दशकात जर्मनीत घरी मासे पाळणाऱ्यांच्या काचपेट्यांत एक ठिपक्याठिपक्यांचा क्रेफिश दिसू लागला. संगमरवरासारखी नक्षी, म्हणून संगमरवरी क्रेफिश. पेटीत एकच ठेवला तरी काही दिवसांनी पिल्लंच पिल्लं! बाबा कुठेत? नाहीतच. या जातीत नुसत्या माद्या असतात. एकटी मादी अंडी घालते आणि त्यातून निघतात तिच्याच हुबेहूब छबी, सगळ्या मुली. पेटी भरली की कंटाळलेला मालक काय करतो? जवळच्या तळ्यात सोडून येतो. बिचारी मोकळी होईल, असं वाटून! त्या एकटीपासून अख्खं तळं भरू शकतं. मादागास्कर बेटावरच्या भातखाचरांत आणि नद्यांत आज त्यांच्या झुंडीच्या झुंडी आहेत. आणि बरं का, प्लेगचे धागे यांच्याही अंगावर असू शकतात.

हे आपल्याही कामाचं आहे. उजनी धरणातली चिलापी मूळची आफ्रिकेतली. पुण्याच्या मुळा-मुठेवर हिरवी सतरंजी पसरवणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. दोघींनाही माणसांनीच आणलं. तेव्हा तुमच्या घरच्या काचपेटीतला कुठलाही प्राणी किंवा पाणवनस्पती नकोशी झाली, तर ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडायची नाही. अगदी विसर्जनासारखी हळदकुंकू लावूनसुद्धा नाही! दुकानात परत द्या, नाही तर पाळणारं दुसरं घर शोधा.

करून बघा

दोन जुने मोजे घ्या. दोन्ही नळाखाली चिंब भिजवून सारखेच पिळा. एक उन्हात टाका. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, सहलीहून येताना आपण ओले कपडे कोंबतो तसा. दर तासाला हात लावून बघा आणि वहीत लिहा. उन्हातला कधी कोरडा झाला? पिशवीतला दुसऱ्या दिवशीही ओला आहे का? तिसऱ्या दिवशी? (वास घ्यायचं धाडस तुमचं तुम्ही करा.)

आता स्वतःला एक बीजाणू समजा. सहलीला जायला तुम्ही कुठला मोजा निवडाल?

मग पुढच्या वेळी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे निघताना तुमच्या बुटांना ऊन दाखवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. आणि हो, तो खेकडोबाचा दगड परत ठेवलात ना?